सात अक्षरं, सात मिनिटं

२४ सप्टेंबर, बुधवार

पोटातला संगणक आज उठला नाही.

हे नाव आप्पांनी ठेवलेलं. आप्पा म्हणजे माझे सासरे, पद्मराज मास्तर. निपाणीत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. फार पूर्वी त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला, आणि तो ज्या विंडोजवर चालतो ते आता कुठल्याच नव्या संगणकावर चालत नाही. म्हणून माझ्या मोठ्या भावाने, सन्मतीदादाने, तो जुना संगणक अख्खाच्या अख्खा माझ्या लॅपटॉपमध्ये घालून दिला. एका चौकटीत तो उघडतो, आपल्याच नादात चालतो आणि सांगितलं की बंद होतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याचा सगळा संसार एका मोठ्या फाईलमध्ये असतो. आमच्या फाईलचं नाव पंचांग.

त्या फाईलमध्ये आप्पांचा तक्ता आहे. आसपासच्या सव्वीस गावांत दिवस नेमका कधी बुडतो त्याचा. आम्ही जैन, सूर्य बुडाल्यावर जेवत नाही. निपाणीची वेळ मोबाईलही सांगतो, पण डोंगराच्या कुशीतल्या गावात सूर्य आधी डोंगराआड जातो आणि तिथल्या बायका तेव्हाच हात धुतात. कुठे चार मिनिटं आधी, कुठे नऊ. कुणी फोन करून विचारलं की मी मशीन उघडून आकडा सांगायचे. छापलं कधीच नाही. यंदा पहिल्यांदा बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, ट्रस्टचे भूपालअण्णा म्हणाले की दिवाळीच्या कॅलेंडरात गावांचं एक पान घालू. दहा ऑक्टोबरला दुपारपर्यंत मजकूर बेळगावच्या प्रेसला जायला हवा.

आप्पांचा एक डोळा गेला आहे आणि दुसऱ्यात ढग आलाय. डॉक्टर म्हणाले, वाचता येतंय तोवर वाचून घ्या. ते पान त्यांनी स्वतःच्या डोळ्याने वाचावं एवढंच मला पाहिजे. पुढच्या वर्षीवर मी काही ठेवणार नाही.

दादा बेळगावजवळ मच्छेला एका कारखान्यात संगणकांचंच काम बघतो. त्याला फोन केला.

"शेवटचं कधी चालवलंतीस?"

"श्रावणात."

"मग तवापास्नं त्या लॅपटॉपला काय काय केलंस ते सगळं लिहून काढ. बारीकसारीक बी. मशीन बिघडलं की आधी माणसानं काय केलं ते बघायचं."

माणसाने म्हणजे मी. बरं, लिहिते. लॅपटॉप चार्ज होईना म्हणून बेळगावला दुरुस्तीला दिला, त्यांनी आतला बोर्ड बदलला. नवा अँटीव्हायरस घातला. अपडेट दोनदा आले. माझ्या झेरॉक्स आणि अर्जांच्या दुकानाचं लायसन्स नवं करताना ऑफिसातला माणूस म्हणाला, जिल्ह्याचं जुनं इंग्रजी स्पेलिंग चालणार नाही. मग एका बैठकीत लेटरहेड, अर्जांचे नमुने, फोल्डर, जिथे जिथे 'बेलगाम' दिसलं तिथे 'बेळगावी' करून टाकलं. (त्या जुन्या स्पेलिंगचा मला तसाही राग. लगाम सुटलेलं गाव वाटतं.) माऊस बदलला. कीबोर्डातली बिस्किटं झाडली. बास, एवढंच.

मला तर अँटीव्हायरसचाच संशय आहे. त्याचं तोंडच चोरासारखं आहे.

संध्याकाळी जेवणावर लक्ष नव्हतं. आक्का नेहमीसारख्या सगळ्यांच्या आधी ताट उचलून उठल्या. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई, घरात सगळेच त्यांना आक्का म्हणतात. बावीस वर्षं बघते आहे, आमचे घास चालू असतात आणि ह्या उठतात. आणि त्या उठल्या की आप्पांना हमखास अजून अर्धी भाकरी हवी असते. एकाने उठायचं आणि दुसऱ्याने मागायचं. मी मधे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

अँटीव्हायरस काढला. मशीन उठलं नाही. त्याची माफी मागायला हवी.

२९ सप्टेंबर, सोमवार

चार दिवस एकच निरोप: तुमच्या संगणकातली एक सोय बंद आहे, ती चालू असल्याशिवाय मी उठणार नाही. दुकानात झेरॉक्सवाल्यांची रांग, आणि मी मधूनमधून त्या निरोपाकडे बघून दात खायची. आज शेवटी दुपारी शटर अर्धं ओढलं आणि नीट वाचत बसले.

कळलं ते असं. पोटात दुसरा संगणक पोसायची परवानगी लॅपटॉपच्या मुळाशी द्यावी लागते. विंडोजच्याही खाली, जिथे आपण कधी जात नाही. बेळगावला बोर्ड नवा घातला, त्यात ती परवानगी बंदच होती. म्हणजे कुणाचीच चूक नाही. लॅपटॉप बंद करून चालू करताना एक बटण टकाटका दाबत राहायचं, मग काळा पडदा येतो. तिथे माऊस चालत नाही. बाणांनी वर-खाली करत मी ती ओळ शोधली, 'बंद' होतं त्याचं 'चालू' केलं आणि बाहेर आले. दादाला विचारलं नाही, मुद्दाम.

मशीनने पहिला निरोप दिला नाही! मी खुर्चीतून उठलेच.

मग दुसरा निरोप दिला. फाईल सापडत नाही.

पण एक फाटक उघडलं ना? दुसरंही उघडेल. आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "अर्धं गणित सुटलं म्हंजे मार्क द्याला पायजेत," आणि डब्यातली साखर मागितली. मला दिली आणि स्वतःच जास्त खाल्ली.

आक्का घरी नव्हत्या. सकाळी पिशवीत आधार कार्ड टाकून (ते दाखवलं की कर्नाटकात बायकांना प्रवास फुकट) एसटीने गुणाबाईंकडे गेल्या, त्यांच्या चुलत नणंदेकडे. संध्याकाळी त्यांनी तिकडेच जेवून घेतलं आणि आठला परत आल्या. एवढी वर्षं ही बाई बस्तीत जायला निघाली तरी दहा वेळा गुडघा चोळायची. माझ्या घाईच्या दिवसांतच बरी हिंडायची हौस आली.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. झेरॉक्सचं मशीन, कटर, स्टेपलर, सगळ्यांना हळद-कुंकू लावलं. लॅपटॉपलाही लावलं. आप्पा बाजूला उभे, "कुंकू कीबोर्डात सांडू नको, न्हाईतर पोटातल्याला पोटदुखी व्हईल."

झेंडू वाहिला. हात जोडले. मशीन उघडलं. फाईल सापडत नाही.

फाईल सापडत नाही कशी? मला ती समोर दिसते आहे. आकार बरोबर, तारीख श्रावणातली. इकडे मशीन म्हणतं नाही, तिकडे फोल्डरमध्ये गेलं की ही बसलीय ठसठशीत. आंधळ्याला समोरचा हत्ती दिसू नये तसं. असं काही लिहिलं की आप्पांची आठवण येते आणि खोडावंसं वाटतं, पण वहीत खोडाखोड नको असं दादाने बजावलंय.

आप्पा आता रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला गच्चीवर जाऊन बसतात. पश्चिमेकडे तोंड. जिना धरून धरून चढतात. बोलावलं तर "येतो गं" म्हणतात आणि येत नाहीत. त्यांचा मोबाईल एकदाच वाजतो आणि बंद होतो. ते उचलतसुद्धा नाहीत. मला कळतंय ते काय आहे. भूपालअण्णा त्यांच्या मागे लागलेत, 'झालं का, झालं का', आणि आप्पा मला त्रास नको म्हणून गच्चीवर जाऊन सोसतात. जुन्या कॅलेंडरची पानंही फाडून नेलीत. विचारलं तर म्हणे कपाटात घालायला पाहिजेत.

ते माझ्यावर रुसलेत की काय, अशीही शंका येते. मशीन माझ्या हवाली होतं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज हात कापायची वेळ आली होती.

दुपारी दादा फोनवर. मी स्पीकर लावून लॅपटॉपसमोर.

"निरोपात फाईलचा पत्ता दिलाय बघ. वाच मोठ्यानं."

"डी ड्राइव्ह. मग बेळगाव. मग पंचांग."

"व्हय, म्यां बेळगावास्नं आणून घातलेलं, म्हणून फोल्डरला त्येच नाव दिलतो. आता फाईल खरी कुठं हाय ते वाच."

"डी ड्राइव्ह. बेळगाव. पंचांग."

"सेम?"

"सेम."

"फोटो धाड."

दोन्ही फोटो पाठवले. तो बघून म्हणाला, "सेमच हाय की गं. मग फाईल आतनं खराब झालीया. लई वाईट." मग म्हणाला, "एक करून बघू. यादीतनं हे मशीन काढून टाकू आणि नवं मशीन करून तीच फाईल त्येला जोडू. लागली तर लागली. 'काढा' म्हणून बटण हाय ते दाब, आणि जे विचारंल त्येला ओके ओके म्हणत जा."

दाबलं. त्याने विचारलं. माझं बोट ओकेवर होतं, पण अर्जांचं काम करून करून मला एक खोड लागली आहे. सही करण्याआधी वाचते.

"दादा, 'फाईलीही कायमच्या पुसू का' असं विचारतंय."

"थांब! थांब थांब थांब. दाबू नको. बोट काढ. काढलंस?"

"काढलं."

"मेलो आसतो मी." त्याचा श्वास फोनवर ऐकू येत होता. "क्षमा, राहू दे. कशालाच हात लावू नको. ऐतवारी लॅपटॉप घेऊन हिकडं ये."

मी नाही म्हणाले. मागच्या वेळी लॅपटॉप बेळगावला गेला तेव्हाच हे सगळं सुरू झालं. आता तो या टेबलावरून हलणार नाही. दादाला यायचं असेल तर त्याने यावं. तो म्हणाला येतो, पण लगेच आठवलं की ऐतवारी कारखान्यात शटडाऊन आहे, त्याला सुट्टी नाही.

चहा केला आणि तसाच ठेवून दिला. एका ओकेने आप्पांचं सगळं आयुष्य गेलं असतं. मग स्वतःलाच सांगितलं, गेलं नाही ना? मग रडायचं काय? फाईलची एक नक्कल पेनड्राइव्हवर करून ठेवली. हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. दादालाही सुचलं नाही, म्हणजे मी एकटीच मूर्ख नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

भूपालअण्णा दुकानात आले. माणूस वाईट नाही, पण बोलतो ठरावासारखं.

"शुक्रवारी दुपारी बारा. त्येच्या फुडं प्रेसवाला थांबणार न्हाई. गावांचं पान न्हाई झालं तर तितं जाहिरात घालू. आन खरं सांगू काय, फुडच्या साली कॅलेंडर बाहेरनं तयारच घेऊया म्हणत्यात लोकं. एकच वेळ सगळ्यांस्नी. सोपं."

"एकच वेळ सगळ्यांना कशी चालेल? डोंगराखालच्या बायकांनी काय सूर्य बुडाल्यावर जेवायचं?"

"आता कोण एवढं बघतंय, वैनी?"

मला राग आला. म्हणाले, "बघणारे बघतात. पान शुक्रवारी बाराच्या आत मिळेल. आणि आप्पांना रोज संध्याकाळी फोन करून त्रास देऊ नका. जे विचारायचं ते मला विचारा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "फोन? म्या?"

नाटकं चांगली करतात.

आक्का आज नात्यातल्या बाळाबाईंच्या सुनेला बघायला गेल्या. परवा आणखी कुणाकडे गेल्या होत्या, त्याच्या आदल्या दिवशी अजून कुठे. या आठवड्यात सहावं गाव. सकाळी भाकऱ्या थापून जातात, त्यामुळे बोलायला तोंड नाही. पण सून इथे झुंजते आहे आणि सासू पाहुण्यांकडे पोहे खाते आहे, हे मला लागलं. लागलं ते लिहिलं.

हे साखर कारखान्याच्या सीझनच्या तयारीत, घरी फक्त झोपायला. रात्री म्हणाले, "जमंना तर सोडून दे की." मी पाठ फिरवली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

ज्या सॉफ्टवेअरमध्ये मशीन चालतं ते काढून नव्याने घातलं. नाही.

फाईलला सगळ्या परवानग्या दिल्या. नाही.

नावात एखादी मोकळी जागा शिरली असेल म्हणून 'पंचांग'चं स्पेलिंग एकेक अक्षर ताडून पाहिलं. बरोबर आहे.

दादाने मदतीच्या एका संकेतस्थळावर विचारून ठेवलं, तिथल्या कुणीतरी उत्तर दिलं की पत्ता नीट तपासा. अरे, तपासला! शंभर वेळा तपासला. डी ड्राइव्ह, बेळगाव, पंचांग. डी ड्राइव्ह, बेळगाव, पंचांग. आता झोपेतही तेच म्हणेन.

फाईल आतून खराब झाली असेल हे मला पटत नाही. पटवून घ्यायचंच नाही. खराब झालेली फाईल 'सापडत नाही' असं म्हणत नाहीत, 'वाचता येत नाही' म्हणतात. एवढं मी आता शिकले आहे.

आप्पांना विचारलं, तक्त्यातलं तोंडपाठ किती आहे? म्हणाले, "मास्तर म्हातारा झाला गं. दोन-चार गावं सांगीन, पर खात्री न्हाई. आन खात्री नसलेलं छापू नये." मग माझा हात थोपटला. "तू लढ. म्या हाय." रुसलेले नाहीत. मग गच्चीवर कशाला जाऊन बसतात?

९ ऑक्टोबर, गुरुवार

चालू झालं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पान सकाळी अकराला प्रेसला गेलं. बारा वाजायला एक तास होता, हे भूपालअण्णांना मी फोन करून मुद्दाम सांगितलं. आता कालचं सगळं लिहिते, काल लिहायला उसंतच नव्हती.

काल दुपारी चार वाजता माझी पाटी कोरी होती. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. भूपालअण्णांकडून एक दिवस मागून घ्यावा म्हणून मोबाईल उचलला तेवढ्यात आक्का दुकानात आल्या. घर मागेच आहे, पण त्या दुकानात सहसा येत नाहीत. हातात गुंडाळी. टेबलावर उलगडली. जुन्या कॅलेंडरची पानं, मागच्या कोऱ्या बाजूवर जाड स्केच पेनने आप्पांचं अक्षर, एवढं मोठं की रस्त्यावरून वाचावं. गाव, तारीख, वेळ. गाव, तारीख, वेळ.

"नऊ गावं झाल्यात," आक्का म्हणाल्या. "सतरा राहिल्यात. आनी एक दिस मिळाला तर आनी एक हुईल, जास्त न्हाई. माझे पाय आता तेवढेच."

मला आधी समजेनाच. मग त्यांनी सांगितलं. त्या त्या गावाला जाऊन पश्चिमेला तोंड करून उभ्या राहायच्या. सूर्य डोंगराआड गेला रे गेला की आप्पांना मिस्ड कॉल. गच्चीवर आप्पा मोबाईलवरची कॉलची वेळ भिंगाने वाचत, पाढ्यासारखी म्हणत, मग लिहून ठेवत. निपाणीच्या वेळेतून ती वजा केली की झालं त्या गावाचं गणित.

"मला का नाही सांगितलं?"

"तुजं चाललंय न्हवं मशीनचं. तुला वाटलं असतं, ह्यांचा भरवसा न्हाई माझ्यावर. ते म्हणाले सांगू नको."

आणि मी या वहीत काय काय लिहून ठेवलंय! पोहे खातात म्हणे. खोडणार नाही. राहू दे, वाचून लाज वाटत राहील.

आक्का स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. "काय म्हणतंय ते मशीन, दाव बघू मला."

निरोप दाखवला. फोल्डर दाखवला. मशीन म्हणतं डी ड्राइव्ह, बेळगाव, पंचांग. आणि ही बघा फाईल, डी ड्राइव्ह, बेळगाव, पंचांग. आक्कांना मराठी येतं, कानडी येतं, इंग्रजी अक्षर एक येत नाही. त्यांनी आप्पांचं भिंग घेतलं, बोट पडद्यावर टेकवलं आणि निरोपातल्या शब्दावरून सरकवत नेलं, दाणे निवडल्यासारखं. मग फोल्डरच्या नावावरून. मग परत.

"ह्ये दोन एकच हाय म्हणतीस?"

"हो. बेळगाव."

"मला वाचाय येत न्हाई, म्या नुसतं मोजतो. हितं सात हायत. हितं आठ."

मी मोजलं.

वर सात. खाली आठ. वर Belgaum, बेलगाम. खाली Belagavi, बेळगावी.

मी स्वतः बदललं होतं. लायसन्सच्या वेळी, एका बैठकीत, फोल्डरसकट. वहीच्या पहिल्याच दिवशी लिहूनही ठेवलंय! मशीन बिचारं दहा दिवस ओरडून जुनं नाव सांगत होतं, आणि मी दोन्ही नावं वाचायची ती बेळगाव म्हणूनच. कारण तोंडात कायम तेच. दादालाही दोन फोटोंत फरक दिसला नाही, तोही इथलाच. या नावावरून माणसं भांडलेली लहानपणापासून ऐकते आहे. यंत्र अडून बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाच ती दोन दिसली. आम्ही वाचणारे आंधळे.

फोल्डरचं नाव परत बेलगाम केलं. आठ अक्षरं खोडून सात लिहायला किती वेळ लागतो? मशीन उघडलं. काळा पडदा. मग तो जुना आवाज, मंदिरातल्या झांजेसारखा, आणि निळं आकाश, हिरवी टेकडी. मी आक्कांना मिठीच मारली. त्या म्हणाल्या, "सोड गं, गिऱ्हाईक बघतंय," पण त्यांनीही सोडलं नाही.

आप्पांना आणून खुर्चीत बसवलं. तक्ता उघडला. आक्कांची नऊ पानं शेजारी ठेवून ताडून बघितलं: आठ गावं जुळली, एखादं मिनिट इकडेतिकडे. नववं जुळेना. तक्त्यात पाच मिनिटं आधी, आक्कांच्या पानावर एक. मी म्हणाले आक्कांचं चुकलं असेल.

"न्हाई," आक्का म्हणाल्या. "तितला डोंगर खणून न्हेलाय. खडीवाल्यांनी. आता तितं दिस बुडायला आडवं काय न्हाईच."

आप्पा हसले. "मग शालनचं घाल. तक्ता जुना झाला." सव्वीस गावं, त्यातलं एक दुरुस्त. पानाच्या खाली 'गणित : पद्मराज' लिहायचं ठरलं होतं. मी न विचारता आक्कांच्या नावाची दुसरी ओळ टाकली, 'प्रत्यक्ष पाहणी : शालन'. आप्पांना भिंगातून दाखवली. त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या, स्वतःच्या डोळ्याने, मोठ्याने. दुसरी ओळ दोनदा वाचली.

जाता जाता मी तक्त्याच्या वरच्या टोकाला गेले. प्रत्येक गावापुढे आप्पांनी शेरा लिहायला एक रकाना ठेवलाय, तो मी कधीच नीट वाचला नव्हता. फोनवर आकडा सांगून बंद करायचं एवढंच माझं काम. पहिलं गाव तवंदी घाटाखालचं, आक्कांचं माहेर. पुढे शेरा:

'मे १९७०. डोंगर पश्चिमेस. सात मिनिटं आधी. शालनचं गाव. ती उठते.'

मी घड्याळ बघितलं. जेवायची वेळ होत आली होती, निपाणीचा सूर्यास्त सहा तेराला. मशीन तसंच उघडं ठेवून आत गेलो. भाकरी, वांग्याची भाजी, ताक. बोलणं चाललं होतं, दादाचा फोन येत होता, मी उचलत नव्हते. आक्कांनी शेवटचा घास घेतला, पाणी प्यायल्या आणि ताट उचलून उठल्या. भिंतीवर सहा वाजून सहा मिनिटं.

बावीस वर्षं मी ते ताट वाजलेलं ऐकते आहे. त्या पंचावन्न वर्षं उठताहेत.

आप्पांना घड्याळ दिसत नाही. त्यांनी ताटाच्या आवाजाकडे मान वळवली.

"उठली काय गं?"

"उठल्या, आप्पा."

"मग वाढ अर्धी भाकरी," ते म्हणाले. "अजून सात मिनिटं हायत."